कितलामा पडनी

दोरी ओढली, तर सुळकन बाहेर आली,
पोहरा सुटलेल्या दोरासारखी.
झुलाल मिस्तरी माझ्याकडे न बघता म्हणाला,
"कितलामा पडनी?"

सायलेन्सर उतरवला. भोकात बॅटरी धरली.
पिस्टनवर उभे ओरखडे, एकाच अंगाला.
"तेलबिगर जळनी हाई."

पण नवा पिस्टन टाकू देईना.
क्रँकच्या सीलला साबणाचं पाणी लावलं,
नळीतून फुंकलं.
एक बुडबुडा. थांबून दुसरा.
"हवा आठून शिरस. नवा बी जळी जाई."

क्लचखालचा भुसा चिमटीत धरून हुंगला.
विकणारा म्हणाला होता, नुसत्या बाभळी तोडल्या.
सागाचा वास पिंपळनेरात कोणाला कळत नाही?
झुलालनं चिमूट पायजम्याला पुसली.

चौथ्या दिवशी दोरी ओढली,
तर तिनंच माझा हात
आत ओढला.