दोर कपाटात आहे

एकाइत्स,
डॉक्टरीणबाईंनी महिनाभर बोलायचं नाही म्हटलंय,
म्हणून लिहिते.

किल्ली खाली बर्फाच्या कारखान्यात, मेर्चेकडे.
दरवाजा आधी ओढ, मग फिरव.
वर्ग सातचा. येतात सव्वासातला,
हातांना अँकोव्हीचा वास घेऊन.
वेळेवरून बोलू नकोस,
बोटी घड्याळ बघून परतत नाहीत.

पहिली पाच मिनिटं पुस्तक उघडायचं नाही.
विचार, आज काय मिळालं, कितीला गेलं?
ज्याचं उत्तर तुला ठाऊक आहे असा प्रश्न टाकलास
तर त्यांना लगेच कळतं.
मासळीचा भाव मला खरंच माहीत नसतो.
तुलाही नसेल.

प्रश्न टाकलास की मनात दहापर्यंत मोज.
तीनला तुझी जीभ वळवळेल.
सातला वाटेल, बुडाला वर्ग.
नऊला व्हिओरिका बोलेल.
नेहमी तीच बोलते. तिला फळ्यापाशी खडू देऊन उभी कर,
लिहिणाऱ्याचं तोंड जरा बंद राहतं.

चूक मध्येच धरू नकोस.
चालत्या माणसाच्या पायात काठी घालू नये.
मी मागे बसून वहीत टिपते,
शेवटी फळ्यावर पाच वाक्यं, नावं न घालता,
त्यातली दोन बरोबर.
कोणती, यावर त्यांना भांडू दे.
एकदा त्यात माझंच एक होतं, चुकलेलं.
बाबकारने पकडलं.
त्या रात्री सगळे उशिरा घरी गेले.

चित्रांची कार्डं मी टाकून दिली.
सफरचंद, छत्री, जिराफ.
ओन्दारोआत जिराफाचं काय काम?

आता दोर.
'नी' कधी आणि 'निक' कधी, यात माझी दोन वर्षं गेली.
तक्ते लावले, रंगीत खडू झिजवले.
मग एकदा बाबकारने खांद्यावरचा दोर बाकावर टाकला
आणि मला दिसलं.
आलो, झोपलो, पडलो : दोर कुणाच्याच हातात नाही.
कापला, शिवलं, ओढलं :
ज्याच्या हातात दोर, त्याच्या शेपटाला 'क'.
दोघांना उभं कर, खुर्ची बांध, ओढायला लाव.
खुर्चीला काही लागत नाही.
खुर्ची नुसती येते.
हे तीन मिनिटांत समजतं.
जिभेवर बसायला वर्ष जातं.

खिडकीजवळ बिरान बसतो.
चार महिने तो बोलला नव्हता.
जोडीत घातलं, गटात घातलं,
जिन्याखाली मजकूर चिकटवून
धावत जाऊन वाचायचा, परत येऊन सांगायचा,
तो खेळही झाला.
तो धावला, वाचला, परत आला,
आणि लिहून दाखवलं. एकही चूक नाही.

मागच्या गुरुवारी माझा आवाज पुरता गेला होता.
मी नुसतं दोराकडे बोट दाखवत होते.
वाक्य करा. कुणीही.
तो उठला.
दोराचं टोक त्याने कुणाच्या हातात दिलं नाही,
खिडकी उघडली
आणि बाहेर सोडलं, बंदराच्या बाजूला.
म्हणाला, इत्सासोआक.
समुद्राने.

क्रियापदाला वेळ लागला.
मी मोजलं नाही.

समुद्राने माझा भाऊ नेला.

'क' जागेवर होता. सगळंच जागेवर होतं.
आवाज असता तर सवयीने 'छान!' म्हणून बसले असते.
नव्हता, ते बरं.
व्हिओरिकाने विचारलं, नाव काय त्याचं?
तो म्हणाला, उस्सेनू. मग वयही सांगितलं.
यातलं मी वहीत काही टिपलेलं नाही,
शोधू नकोस.

दोर कपाटात आहे, खालच्या फळीवर.
ओला लागला तर पसरून ठेव.
ती खिडकी तेव्हापासून नीट लागत नाही,
फटीत पुठ्ठा सार.