अकरा मिलिग्रॅम

न्ताते फाकिसींनी पोतं खाली टेकवलं,
आधी खोकले,
मग बोलले.
चार किलो मुळं. खोआरा.
मोखोत्लोंगच्या उतारावर खणलेली,
वरचा डोळा परत मातीत पुरून.
"तेवढं पुन्हा यायला हवं," म्हणाले,
अंगावरच्या ब्लँकेटला हात पुसत.

मुळं आतून लाल.
चिरता चिरता पुलेंगचे हातमोजे रंगले.
नऊ दिवस सावलीत, मग जात्यात, मग इथेनॉलमध्ये;
फिरत्या फ्लास्कमधून सगळं द्रावक उडून गेल्यावर
तळाशी चिकटून राहिली
काकवीसारखी काळपट साय.

आता काचेची उभी नळी
आणि तिच्यात भरायची सिलिका,
पांढरी, मैद्याहून बारीक.
मास्क लाव, मी पुलेंगवर ओरडते,
ही धूळ एकदा आत गेली की
आणि तिथेच थांबते.
कारण आज दवाखान्याची तारीख,
न्ताते फाकिसी दारातल्या बाकावर बसलेत,
परतीची टॅक्सी भरायची वाट बघत.
वेल्कोमच्या खाणीत बावीस वर्षं.
सोनं वर गेलं,
धूळ त्यांच्याकडे राहिली.

"हे काय?"
दगडाचंच पीठ, न्ताते. पण मुळातल्या प्रत्येकाला
हे वेगळं धरतं, कुणाला सैल, कुणाला घट्ट,
म्हणून ज्याच्या त्याच्या वेळेला
ज्याचा तो खाली येतो.
ते बघत राहतात. पिवळा पट्टा उतरतो,
त्याच्यामागे रेंगाळत तपकिरी.
"माझ्याकडचं पीठ," छातीवर बोट ठेवून म्हणतात,
"खाली काहीच सोडत नाही."

एकशे अठ्ठेचाळीस नळ्या.
एक्केचाळीस ते सेहेचाळीस, जांभळ्या दिव्याखाली
निळ्या पेटल्या.
जंतूंच्या बशीत त्यांच्याभोवती
स्वच्छ गोल पडला, नाण्याएवढा.
पुलेंग नाचली. मी वजन केलं:
अकरा मिलिग्रॅम.
जोहान्सबर्गहून आलेख आला तेव्हा कळलं,
माझ्या जन्माआधीच कुणीतरी
या रेणूला नाव ठेवून झालं होतं.

पुढच्या तारखेला कुपी दाखवली.
त्यांनी ती उजेडात धरली, हलवली.
"चार किलोत एवढंच?
खाणीत टनाला पाच ग्रॅम निघायचं, न्गोआनाका."
मनातल्या मनात हिशेब केला:
आमचं टनाला तीनही भरत नव्हतं.
सांगितलं तसे हसले,
हसू खोकल्यात गेलं,
खोकला बराच वेळ परत आला नाही.

यातलं मला कुठलं, असं ते विचारतील
म्हणून मी टेबल आवरायला घेतलं.
बशीतला गोल मला ठाऊक होता.
दगडाचं काय करायचं,
ते एकाही नळीत उतरलं नव्हतं.

त्यांनी काहीच विचारलं नाही.
खिशातून मुळाचा एक तुकडा काढला, आम्हाला न दिलेला,
आमच्या चहाच्या किटलीत उकळला
आणि तीन कप भरले.
कडू. जिभेला सुरकुती पाडणारं.
बाहेर टॅक्सीने हॉर्न दिला.
अजून एक जागा रिकामी होती.