कुणी मरत नाही अशी

शाल्मली, परवा फोनवर म्हणालीस,
मावशी, परीक्षा संपली, डोकं शिणलंय,
हलकंफुलकं काही सांग वाचायला.
प्रेमाचं चालेल,
पण कुणी मरता कामा नये.

तर घे लिहून.

सुट्टीत ग्वाल्हेरला आलीस की
जनकगंजच्या वाचनालयात तिसरं कपाट उघडायला लाव.
टायपिंग क्लासची ती कादंबरी, पिवळं कव्हर,
आमच्या वेळी तिच्यासाठी नंबर लागायचे.
त्याच्या यंत्राचं ‘ळ’चं बटण मोडलेलं
आणि तिचं नाव कमळ.
बाकी तू समजून घेशील.

मग ती थंड हवेच्या गावातल्या खानावळीची.
मधली चाळीस पानं नुसतं जेवण आहे, सोडू नकोस.
तो आमटी वाढता वाढता तिला विचारतो, “आणखी?”
तिथे मी पुस्तक उपडं ठेवून
उगाचच पाणी प्यायला उठले होते.

दीपगृहाची मात्र वाचू नकोस.
भाषा सुरेख आहे,
पण सत्त्याण्णवाव्या पानावर तिला खोकला येतो.
कादंबरीतला खोकला कधी बरा झालाय?

सिनेमाचं मला नको, काकांना विचार.
त्यांनी एकही धड पाहिलेला नाही.

हसू नकोस.
कॉलेजची तीन वर्षं मोरेश्वर
बाड्यामागच्या टॉकीजच्या सायकल स्टँडवर
पितळी बिल्ले वाटायचा. पंधरा पैसे सायकल.
पडदा त्याने पाहिला नाही,
पडद्याकडून परत येणारी माणसं पाहिली.
तो म्हणायचा, कंटाळवाणा असला की
बिल्ले खिशातून गार निघतात.
चांगला असला की गरम,
अडीच तास मुठीत धरलेले.
आणि शेवट गोड असला तर
लोक बिल्ला न देताच सायकल ओढू लागतात,
वर आपल्यालाच विचारतात, काय झालं?

मी भित्री. तिकीट काढण्याआधी
कुलूप लावता लावता विचारायची,
शेवट कसा आहे हो?
तो हातातले बिल्ले खुळखुळवून सांगायचा,
“जाऊन या,” किंवा
“आज नको, घरी जाऊन गजक खा.”
दोन वर्षांत एकदाही चुकला नाही.

एकदाच म्हणाला, “छान आहे,”
आणि मध्यंतरानंतर नायिका गाडीखाली.
डिसेंबरची संध्याकाळ, दात वाजताहेत,
मी नाक पुसत बाहेर आले ती भांडायलाच.
खोटं का सांगितलंत?

त्याने सत्तेचाळीस नंबरची माझी सायकल
रांगेतून काढली, सीट रुमालाने पुसली,
आणि हँडलशी बोलल्यासारखा म्हणाला,
“खरं सांगितलं असतं
तर आल्या पावली वळला असता तुम्ही.
गेल्या रविवारीही आला नव्हता.”

बिल्ला मी परत दिला नाही.
त्याने मागितलाही नाही.
हरवल्याचा दंड दोन रुपये होता,
तो त्याने स्वतःच्या पगारातून भरला,
हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं,
तेही त्याच्या भावाकडून.

आता टॉकीजच्या जागी फरशांचं गोदाम आहे.
बिल्ला कपाटाच्या किल्लीला अडकवलाय,
त्यातला चार झिजून गेला,
नुसता सात दिसतो.

आणि तुझे काका आता टीव्हीवर
सगळे सिनेमे पहिल्यापासून बघतात,
मन लावून,
शेवटची वीस मिनिटं राहिली की घोरतात.
सकाळी चहा ओतताना विचारतात,
काय झालं गं पुढे?
छान झालं, मी सांगते.

नेहमीच झालेलं असतं असं नाही.

बरं, ते भाड्याच्या छत्रीचं आहे ना,
ज्यात दोघं एकच छत्री उलटसुलट परत करत राहतात,
ते आधी बघ.
त्यात खरंच कुणी मरत नाही.
मी शेवटपर्यंत जागी होते.