तीनशे ऐंशी वेढे

या गावाचं नावच सूर.
मराठी माणसाला वाटावं, इथं सगळं गात असेल.
गात नाही. घरघरतं.
मासळीबाजाराच्या मागे माझं दुकान,
वाइंडिंग, पंखे, पाण्याचे पंप.
पाटीवर अरबी मोठं, इंग्रजी बारीक,
मराठी फक्त माझ्या शिव्यांत.

झुवैनाबाई त्याला घेऊन आल्या,
हातात फाइल, फाइलीत शिक्के.
"केंद्रात सहा महिने शिकलाय.
आता खरं दुकान हवं."
खलफान. वय वीस. जन्मापासून दिसत नाही.
मी म्हणालो, बसू दे.
मनात म्हणालो, बसूनच राहील.

पहिला महिना मी त्याच्याशी
आजाऱ्याशी बोलावं तसा बोललो.
चहा हातात देताना सांगायचो, गरम आहे हं,
जशी काही त्याला वाफ कळत नव्हती.
गिऱ्हाईक त्याच्यासमोर मला विचारायचं,
"याला साखर चालते?"
आणि मी गाढव, उत्तर द्यायचो.

तो खाचा मोजत होता.
तांब्याची तार, केसाची थोरली बहीण,
ओढली की तुटते, सोडली की फुगते.
वाहिद, इथनेन, थलाथा...
शंभर झाले की खिशातली खजुराची बी
बशीत. टक्.
तीन बिया आणि वर ऐंशी.
मध्येच फोन वाजला की तोही विसरायचा, मीही.
पुन्हा पहिल्यापासून.

रमजानच्या तोंडावर कामं तुंबली.
सईद मासेवाला पंखा खांद्यावर घेऊन परत आला:
"उलटा फिरतोय. वारा छताला, घाम आम्हाला."
उघडला. स्टार्टिंगची टोकं अदलाबदल.
काम खलफानचं.

तोंडातून सुटलंच, अस्सल गुहागरी,
"मेल्या, लक्ष कुठं होतं तुझं?
टोकाला गाठ मारतो ती काय शोभेला?"

सईद पुढे झाला, "अरे, असू दे, बिचारा..."
"बिचारा कसला! कारागीर आहे. चुकलाय."

खलफान मान खाली घालून
टोकं सोडवत होता. कान लाल.
ओठांच्या कडेला काहीतरी हलत होतं,
मला आधी वाटलं, रडतोय.

दुपारी त्यानं घरी फोन लावला.
माझं अरबी कामापुरतं, तरी एवढं उमगलं:
"आई, आज उस्तादनं मला झापलं.
हो, सगळ्यांसमोर.
नाही गं, बाकीच्यांना झापतो तसंच."

संध्याकाळी पंखा हुकाला टांगला, बटण दाबलं.
त्यानं हात वर करून
वारा तळहातावर घेतला. सुलटा.
मी म्हणालो, झालं, बांध आता.

"थांब," तो म्हणाला. मान तिरकी.
"घरघर येतेय.
बेअरिंग कुणी बसवलं?"

बेअरिंग मी बसवलं होतं.