चौतीस पूर्णांक एक

पहाटेचे पावणेपाच. ग्दिनियाच्या बंदरावर अजून अंधार,
आणि तिमेकचा ताप एकोणचाळीस.
आम्ही स्वयंपाकघरात, दार लोटून,
कुजबुजत भांडतोय.

वितोल्ड म्हणतो, आज सात कवळ्या द्यायच्यात,
एका म्हाताऱ्याच्या नातीचं लग्न आहे शनिवारी,
त्याला फोटोत हसायचंय.
मी म्हणते, माझ्या क्रेनखाली जहाज उभं आहे कालपासून,
त्याला हसायचं नाही, निघायचंय.

फ्रिजवर कॅलेंडर. निळी फुली त्याची, लाल माझी.
कांजिण्या : लाल. कान : लाल.
कान पुन्हा : निळी,
पण तो अर्धाच दिवस होता, मी विसरलेले नाही.
तो म्हणतो, मी असलं मोजत नाही.
मोजत नाही म्हणणाऱ्याचंच देणं जास्त असतं,
हे मी बोलत नाही. चहात चमचा फिरवत राहते,
साखर केव्हाच सोडली आहे तरी.

तू कर फोन. नको, तू कर.
त्यानं केला की मालक विचारतो, का, आई कुठेय पोराची?
मी केला की फोरमन काहीच विचारत नाही,
नुसतं ‘हं’ म्हणतो.
चाळीस टनांपर्यंत उचलते मी.
त्या ‘हं’चं वजन कुठल्या तक्त्यात नाही.

मग दार किलकिलं झालं.
तिमेक. एक मोजा पायात, एक हातात.
‘मी बरा झालो,’ म्हणाला,
आणि थर्मामीटर पुढे केला.
चौतीस पूर्णांक एक.

आम्ही लहानपणी दिव्याला टेकवायचो तो,
शाळा बुडवायला.
यानं फेब्रुवारीच्या काचेला टेकवला होता.
खिडकीवरच्या वाफेत
बोटाएवढी स्वच्छ जागा.

वितोल्ड हसला. मग ते हसू तोंडात तसंच राहिलं,
नीट न बसलेल्या कवळीसारखं.

कोण थांबणार ते ठरलं, असं झालंच नाही.
त्यानं बूट काढले.
मी घातले, असं लिहिणार होते,
पण माझे आधीपासूनच पायात होते.

दहा वाजता मी वर, पंचेचाळीस मीटरवर.
इथून आमची इमारत दिसते, खिडकी नाही.
निरोप आला : थर्मामीटर कुठे ठेवलास?
हातमोजा शोधताना सापडला होता,
कोटाच्या खिशात.
‘माझ्याकडे’ लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.
बटण दाबलं की शेवटचा आकडा दाखवतो तो.
अजून तोच.

‘असू दे,’ वितोल्डनं लिहिलं,
‘कपाळाला गाल लावून पाहिला. तापलाय.
माझ्या दंडावर झोपलाय, हात काढवत नाही.’

खालून शिट्टी झाली.
पुढचा कंटेनर. आत काय आहे
ते मला कधी सांगत नाहीत.
सावकाश उचलला.