घड्याळ सहा तास पुढे

नाकुरूत बस स्टँडमागे माझं आवार आहे.
अकरा गाड्या, एक कुत्रा, पत्र्याखाली चहाचा स्टोव्ह.
सकाळी काचांवरची धूळ पुसतो, दुपारी ती परत येते.
इतक्या नेमाने आता गिऱ्हाईक येत नाही.

जेरोतिचच्या बापाने माझ्याकडून पांढरा पिकअप घेतला
तेव्हा तीन दिवस घासाघीस चालली.
पहिल्या दिवशी तो नुसता टायरांना लाथा मारून गेला.
दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला घेऊन आला;
मेव्हणा गाडीखाली आडवा झाला, आणि तिथेच घोरू लागला.
तिसऱ्या दिवशी दोन हजारांवर घोडं अडलं.
मी छातीवर हात ठेवून आईची शपथ घेतली.
त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.
शेवटी दोन हजार मीच सोडले.

जेरोतिचने गाडी घेतली रात्रपाळीत,
वॉर्ड झोपला असताना, दोन सलाइनींच्या मध्ये,
एका बोटाने.
त्रेचाळीस फोटो. बॉनेटखालचे, डिकीतले,
पोटाखालून काढलेलेसुद्धा.
एका कागदावर गाडीची आकृती, प्रत्येक ओरखड्याला एक अक्षर,
आणि कोपऱ्यात गुण: चार.
मी कधी कुठल्या गाडीला गुण दिले नाहीत.
मी सांगायचो, बिशपची होती,
फक्त रविवारी बाहेर निघायची.

पैसे गेले. गाडी योकोहामाला.
म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर, मी म्हणालो,
आणि मग गाडी खरोखरच पाण्यात गेली,
बेचाळीस दिवस.
ती फोनवर जहाजाचा ठिपका उघडून बसायची.
ठिपका हलत नसे. ती पुन्हा उघडायची.

मग माझ्याकडे आली. "म्झे, मोंबासाला सोबत चला.
फोटोंत आवाज नव्हता."
जिथे आपल्याला पान मांडलं नाही
तिथे वाढायला जावं का?
गेलो.

बंदरावर शेकडो गाड्या, खारट ऊन, काचांवर खडूचे आकडे.
तिने किल्ली फिरवली
आणि आतून एक बाई जपानीत काहीतरी हळूच म्हणाली.
आम्ही दोघं गप्प.
बाहेर सकाळचे अकरा, गाडीत संध्याकाळचे पाच.
रेडिओला आमचं एकही स्टेशन सापडेना.
मागच्या दाराच्या आत, लहान मुलाचा हात पोचेल तिथे,
माशाचं एक स्टिकर, अर्धं खरवडलेलं.
त्रेचाळीस फोटोंत ते नव्हतं.

खरं सांगतो, मला खोट हवी होती.
या वयात गाडीखाली झोपलो.
तेलाची काडी नाकाशी धरली, कान बॉनेटला लावला.
पुढच्या डाव्या चाकात टक, टक.
मनात म्हटलं, सापडली.
चाकाच्या खाचेत अडकलेला खडा होता.
नखाने काढून खिशात टाकला.

"चांगली आहे," मी म्हणालो.
तीस वर्षं रोज वापरलेला शब्द,
आणि तोंडात नव्या चपलेसारखा चावला.
"आईची शपथ?" तिने विचारलं. बापाकडून ऐकलं असणार.
"आई गेली," म्हणालो. "आता नुसतंच चांगली आहे."

वोई मागे पडलं. काळोख, लाल माती,
समोरून ट्रकांचे दिवे.
चहासाठी थांबून पुन्हा निघालो की दर वेळी
ती आतली बाई तेच वाक्य म्हणायची.
तिसऱ्या वेळी मी "बरं" म्हणालो.

म्तितो अंदेईच्या अलीकडे जेरोतिच म्हणाली,
"हे घड्याळ सहा तास पुढे आहे. मागे कसं करायचं?"
"माझ्याकडे आण," मी म्हणालो,
"मला मागे फिरवता येतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. नजर रस्त्यावर.
"पिकअपचा किलोमीटरचा आकडाही.
बाबांनाही ठाऊक होतं.
ते दोन हजार त्याचेच होते."