मागचा डावा

तापकीर गल्लीतला तन्वीर म्हणाला,
काका, ही उजेडाची बारीक वायर परत न्या
आणि माळ्यावर टाका.
हिच्यातून सगळा आवाज मावत नाही.
पाच दिशांनी येतो, पण आधी चेपलेला,
कडा कातरलेला.
अख्खा हवा असेल तर ही जाड केबल,
कार्डातून थेट रिसीव्हरात.
मधे कोणी तोंड घालायचं नाही.

दोनशे ऐंशीची वायर मी खिशात घातली.

सातववाडीत आमच्या हॉलमध्ये
शिलाई मशीन होतं तिथे आता कॉम्प्युटर.
पाच स्पीकर, एक घुमणारा डबा,
डब्याखाली चौपदरी सतरंजी, खालच्या बेहेऱ्यांसाठी.
मागच्या डाव्याला जागाच नव्हती,
तो फ्रिजवर.

तीन आठवडे रिसीव्हरच्या पट्टीवर एकच शब्द: स्टिरिओ.
खिडकी बंद करून डबा खाणाऱ्या कारकुनासारखा.
ड्रायव्हर काढला, घातला, जुना शोधून पुन्हा घातला.
प्लेअरला समजावलं,
बाबा रे, तू गाठोडं सोडू नकोस.
आलंय तसं पुढे दे, सोडणारा पुढे बसलाय.
कौसल्या आतून म्हणाली, कोणाशी बोलताय?

तन्वीरला एक सांगितलं नव्हतं.
मुंढव्याला फोर्जिंगमध्ये एकतीस वर्षं,
दोन टनी घणाच्या शेजारी,
डावा कान त्याच्याकडे.
कानात घालायला नारिंगी बोंडं मिळायची,
ती आम्ही घरी पोरांना खेळायला द्यायचो.
निवृत्तीच्या वर्षी तपासणीतल्या मुलीने
कागदावर रेघ दाखवली:
इथवर बरी, मग एकदम कडा.
पैंजण, किल्ल्या, फोडणीची चुरचुर,
स आणि श,
सगळे कड्याच्या पलीकडे.
कौसल्या म्हणते, साखर संपली.
मला येतं, आखर अंपली.
उरलेलं मी भरतो, सवयीने,
इतक्या वर्षांत ती काय काय बोलू शकते
ते पाठ आहे म्हणून.

मग हा खटाटोप कशाला,
असं कोणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर
केबलच्या किमतीवर विषय नेला असता.

गुरुवारी सकाळी गेलेली वीज पाचला आली.
सगळं आपोआप चालू झालं,
रिसीव्हर आधी जागा झाला, कॉम्प्युटर मागून.
एवढंच हवं होतं बहुतेक, हा क्रम.
सिनेमा लावला,
पट्टीवर तो शब्द नव्हता.
लांबलचक दुसरंच नाव, शेवटी एचडी,
पट्टीत न मावता सरकत चाललेलं.

मी नुसता बघत उभा राहिलो.
पडद्यावर रात्र, एक रिकामं घर, एक माणूस दाराशी.
पुढच्या स्पीकरवर तळवा ठेवला, थरथरत होता.
फ्रिजवरच्यावर ठेवला.
काही नाही. किंवा फ्रिजचीच घरघर.

सोफ्यावर कौसल्या मेथी निवडत होती.
तिने मान वळवली.
डावीकडे, मागे.
म्हणाली, कोण आहे तिकडे?
कोणीतरी बांगड्या काढून ठेवतंय,
काचेच्या, एकेक.

रिमोटने मागे घेतलं.
तीच जागा आली, तिने परत बघितलं,
या वेळी हसून, फसल्यासारखं.
तिसऱ्यांदा मी पडद्याकडे बघितलंच नाही.
किती झाल्या, विचारलं.
म्हणाली, थांबा,
चार... पाच... आणि एक खाली पडली,
पण फुटली नाही.
मी पाच आणि एक भरून घेतल्या.

मेथी तशीच राहिली पेपरवर.
साडेदहाला बेहेऱ्यांनी खालून
छताला काठी मारली, दोनदा.
ती मला लख्ख ऐकू आली.